एका भाषांतराची गोष्ट

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात जपानची गोष्ट बहुधा एकाच प्रसंगापासून सुरू होते. जुलै १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाचा अधिकारी मॅथ्यू पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागराच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. दोनशे वर्षे दारे लावून बसलेला जपान खडबडून जागा झाला. पुढच्या पन्नास वर्षांत त्याने आगगाड्या, विद्यापीठे, कारखाने, आरमार असे सगळे उभे केले आणि १९०५ मध्ये रशियासारख्या बलाढ्य साम्राज्याचा पराभव केला.

गोष्ट चटकदार आहे. आम्हीही ती अशीच शिकलो आणि बरीच वर्षे अशीच सांगत आलो. पण ज्याने वर्गात चाळीस मुलांना साधे त्रैराशिक शिकवले आहे, त्याला या गोष्टीत काहीतरी खटकायला हवे. तोफेच्या आवाजाने माणूस दचकून जागा होईल, हे मान्य. पण रसायनशास्त्र काही तोफेच्या आवाजाने येत नाही. नवा विषय शिकायचा तर त्यातले शब्द हवेत, ते शब्द कळणारी माणसे हवीत, चुका करायला आणि त्या दुरुस्त करायला वेळ हवा. १८५३ नंतर जपान इतक्या झपाट्याने शिकू शकला, तो त्याचे शिकणे आधीच सुरू झाले होते म्हणून. त्या शिकण्याचा एक महत्त्वाचा धडा पेरी येण्याच्या ८२ वर्षे आधी, एदो शहराबाहेरच्या एका वधस्थानावर गिरवला गेला. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

दार किती बंद होते?

विज्ञानाच्या इतिहासात १५४३ हे वर्ष ठळक अक्षरांत लिहिले जाते. त्या वर्षी कोपर्निकसचा सूर्यकेंद्री विश्वाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी वेसालिउसचा मानवी शरीररचनेवरचा ग्रंथही. योगायोग असा, की काही पोर्तुगीज माणसे एका चिनी जहाजातून जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर पोचली, तीही १५४३ मध्येच. त्यांच्याजवळ बंदुका होत्या. जपानी लोहारांनी त्या उघडून पाहिल्या आणि थोड्याच काळात तशाच बंदुका स्वतः बनवायला सुरुवात केली. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या सैन्यात बंदूकधाऱ्यांची मोठी तुकडी होती.

बंदुकीपाठोपाठ धर्म आला आणि तो आपल्या किनाऱ्यावरून गेला. कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक जपानी माणूस हिंडत हिंडत गोव्याला पोचला. १५४८ मध्ये तेथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तेथील सेंट पॉल महाविद्यालयात त्याने शिक्षण घेतले. त्यालाच बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला गेला. पुढच्या काही दशकांत ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढत गेली, तशी राज्यकर्त्यांची धास्तीही वाढत गेली. आज धर्मोपदेशक आले, उद्या त्यांच्यामागून स्पेन-पोर्तुगालचे सैन्य आले तर? १५९७ मध्ये नागासाकी येथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांतला एक, गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेला होता.

१६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची शोगुनशाही सुरू झाली. शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य चालवणारा सेनापती. पेशवाईची कल्पना असलेल्या मराठी वाचकाला हे चटकन समजेल. या राजवटीने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली आणि १६३५ मध्ये जपानी माणसांनी परदेशी जाण्यावर. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे पिचलेल्या शेतकऱ्यांचे बंड झाले. त्यांत बरेच जण ख्रिस्ती होते. बंड मोडून काढल्यावर १६३९ मध्ये पोर्तुगीजांना कायमचे हाकलून देण्यात आले.

राहिले डच. त्यांना धर्मप्रसारात रस नव्हता, व्यापारात होता. १६४१ मध्ये त्यांना नागासाकी बंदरातील देजिमा नावाच्या बेटावर हलवण्यात आले. समुद्रात भराव घालून तयार केलेले हे बेट पंख्याच्या आकाराचे होते. लांबी साधारण दोनशे मीटर, रुंदी सत्तर-पंच्याहत्तर मीटर. एक छोटा पूल, पुलाशी पहारा. मूठभर डच व्यापारी आणि त्यांचा एखादा वैद्य येथे राहत. परवानगीशिवाय त्यांना शहरात पाऊल टाकता येत नसे. युरोपशी असलेला जपानचा सगळा संबंध दोनशेहून अधिक वर्षे या चिंचोळ्या फटीतून चालला.

आशियाच्या बाजूची दारे मात्र पुरती मिटलेली नव्हती. चिनी व्यापारी नागासाकीला येतच होते, कोरियाशी त्सुशिमा बेटामार्फत संबंध होता, र्युक्यु बेटांशी दक्षिणेकडच्या सात्सुमा संस्थानामार्फत. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. या धोरणाला आपण ज्या नावाने ओळखतो तो ‘साकोकु’ (कुलूपबंद देश) हा शब्द धोरण आखणाऱ्यांचा नव्हेच. शिझुकी तादाओ नावाच्या नागासाकीच्या एका विद्वानाने १८०१ मध्ये केंप्फर या जर्मन वैद्याच्या ग्रंथातील एका प्रकरणाचे डच प्रतीवरून भाषांतर करताना तो घडवला. आपण कोंडलेले आहोत हे सांगणारा शब्दसुद्धा जपानी भाषेत भाषांतरातूनच आला!

डचांशी बोलायला नागासाकीत वंशपरंपरागत दुभाष्यांची घराणी होती. त्यांचे काम मुख्यतः व्यापारातले. पाश्चात्त्य ज्ञानाच्या पुस्तकांना वाट मिळाली ती १७२० मध्ये. आठवा शोगुन योशिमुने याला पंचांग सुधारायचे होते आणि त्यासाठी खगोलशास्त्राची माहिती हवी होती. ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या, चिनी भाषेत आलेल्या पाश्चात्त्य पुस्तकांवरचे निर्बंध त्याने सैल केले. पुढे काही विद्वानांना डच भाषा शिकण्याची आज्ञाही त्याने दिली. फट थोडी रुंदावली.

वधस्थानावरची सकाळ

१७७१ सालचा वसंत ऋतू. जपानी पंचांगाप्रमाणे तिसऱ्या महिन्याचा चौथा दिवस. एदोच्या उत्तरेला कोझुकाप्पारा नावाचे वधस्थान होते. तेथे त्या दिवशी देहदंड झालेल्या एका स्त्रीच्या शरीराचे विच्छेदन होणार होते. ती पन्नाशीची होती आणि तिचे ‘आओचा-बाबा’, म्हणजे ‘हिरव्या चहाची म्हातारी’, एवढे टोपणनावच आपल्यापर्यंत आले आहे.

विच्छेदन पाहायला काही वैद्य जमले होते. त्यांत सदतिशी-अडतिशीतला सुगिता गेनपाकु होता, पन्नाशीकडे झुकलेला माएनो र्योताकु होता आणि तरुण नाकागावा जुनआन होता. गेनपाकुने आपल्या संस्थानाच्या कारभाऱ्यांकडून पैसे मिळवून एक डच पुस्तक विकत घेतले होते. त्याला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. चित्रांवर भाळून त्याने ते घेतले होते. र्योताकुनेही नागासाकीहून आणलेले एक पुस्तक बरोबर घेतले होते. दोघांनी आपापली पुस्तके बाहेर काढली तर काय, दोन्ही एकच! डान्झिग येथील प्राध्यापक योहान आडाम कुल्मुस यांच्या शरीररचनेवरील जर्मन पुस्तकाचे ते १७३४ चे डच भाषांतर होते.

त्या काळचे जपानी वैद्यक मुख्यतः चिनी ग्रंथांवर उभे होते. फुप्फुसाला सहा पाने आणि दोन कान असतात, यकृताला डावीकडे तीन आणि उजवीकडे चार पाळ्या असतात, असे त्या ग्रंथांत लिहिलेले होते. समोरच्या शरीरात यांतले काहीच दिसेना. उलट डच पुस्तकातली चित्रे समोरच्या अवयवांशी तंतोतंत जुळत होती. जठर आणि आतडी यांची जागा आणि आकारही जुन्या ग्रंथांशी जुळत नव्हते. परत निघण्यापूर्वी वधस्थानावर इतस्ततः पडलेली हाडे उचलून त्यांनी तीही चित्रांशी ताडून पाहिली. ती जुळली.

आता येथे थोडे थांबून एक प्रश्न विचारू. याआधी कोणी शरीर उघडून पाहिलेच नव्हते का? पाहिले होते. १७५४ मध्ये क्योतो येथे यामावाकी तोयो या वैद्याने अधिकाऱ्यांच्या परवानगीने विच्छेदन पाहिले होते आणि त्यावर पुस्तकही लिहिले होते. शोगुनच्या पदरच्या वैद्यांनी तर सात-आठ वेळा विच्छेदने पाहिली होती. जे दिसले ते ग्रंथाशी जुळत नाही हे त्यांच्याही ध्यानात आले होते. मग त्यांनी काय निष्कर्ष काढला? चिनी माणसाचे शरीर आणि इतरांचे शरीर यांत फरक असावा की काय, अशी शंका त्यांनी नोंदवून ठेवली. ग्रंथ वाचवण्यासाठी त्यांनी शरीरालाच अपवाद ठरवले!

यावर हसण्याची घाई करू नये. युरोपातही नेमके हेच झाले होते. वेसालिउसने ग्रीक वैद्य गॅलेनच्या चुका दाखवल्या, तेव्हा त्याचाच गुरू सिल्विउस म्हणाला, की गॅलेनचे बरोबरच होते, त्याच्यानंतर माणसाचे शरीर बदलले असले पाहिजे. आणि खरे सांगायचे तर प्रयोगशाळेत आमचेही असेच होते. आलेखावरचा एखादा बिंदू अपेक्षित रेषेवर बसला नाही, की पहिला संशय आम्ही उपकरणावर घेतो, मग नमुन्यावर, मग मदतनिसावर. आपल्या गृहीतकावर संशय घेण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. गेनपाकु आणि त्याच्या मित्रांचे वेगळेपण एवढेच, की त्यांच्या हाती एकाच वेळी दोन पुस्तके होती आणि कोणते खरे हे ठरवायला समोर शरीर होते.

चाकू कोणाच्या हातात होता?

या प्रसंगाचे वर्णन गेनपाकुने पुढे म्हातारपणी, १८१५ च्या सुमारास, आपल्या आठवणींत लिहून ठेवले. त्यातला एक तपशील बहुतेक पुस्तकांत गाळला जातो. वैद्य फक्त पाहत होते. प्रत्यक्ष शरीर उघडणारा माणूस वेगळाच होता. मृतदेह, कातडे, वधस्थान यांच्याशी संबंधित कामे त्या काळी जपानमध्ये एका ठरावीक समाजाकडे जन्माने येत आणि त्या समाजाला अस्पृश्य मानले जाई. वस्ती गावाबाहेर, विवाह आपसांत, धंदा वडिलांचा. हे सारे मराठी शिक्षकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या दिवशी हे काम तोरामात्सु नावाचा माणूस करणार होता. तो आजारी पडल्यामुळे त्याचा आजोबा आला होता. वय नव्वद, पण अंगाने काटक. तरुणपणापासून त्याने कितीतरी शरीरे उघडली होती. हे हृदय, हे यकृत, हे पित्ताशय, हे जठर, असे तो एकेक दाखवत गेला. मग त्याने आणखी काही भाग दाखवले आणि सांगितले, की यांची नावे मला ठाऊक नाहीत, पण आजवर उघडलेल्या प्रत्येक शरीरात हे मला याच जागी सापडले आहेत. आणि आजवर आलेल्या वैद्यांपैकी कोणी त्याला याविषयी विचारलेही नव्हते. तो दाखवी तेवढे पाहायचे आणि शरीराचे अंतरंग पाहिले असे म्हणत घरी जायचे, असा रिवाज होता. पुढे डच चित्रांशी ताडून पाहिल्यावर कळले, की त्या बिननावाच्या भागांत मोठ्या रक्तवाहिन्या होत्या आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या अधिवृक्क ग्रंथी होत्या.

संशोधनाचा व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ‘प्रत्येक शरीरात, याच जागी’ हे शब्द कोणत्याही प्रयोगवहीत शोभतील असे आहेत. पुनःपुन्हा केलेले निरीक्षण, त्यात आढळलेली नियमितता आणि आपल्याला नाव माहीत नाही याची स्वच्छ कबुली, हे तिन्ही त्या म्हाताऱ्याजवळ होते. नव्हते ते पुस्तक, आणि विचारणारा माणूस. वैद्यांजवळ पुस्तके होती, पण हात लावायचा नव्हता. पाहणारे डोळे, काम करणारे हात आणि लिहिणारी लेखणी ही तीन वेगवेगळ्या जातींत वाटली गेली की ज्ञान कसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी अडून राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. गेनपाकुने म्हाताऱ्याचे म्हणणे आदराने नोंदवले. आजारी नातवाचे नावही नोंदवले. म्हाताऱ्याचे नाव मात्र त्याच्या लेखनात नाही.

वर्तुळातली फुली

परतीच्या वाटेवर तिघांनी ठरवले, की हे पुस्तक जपानीत आणायचे. आपण वैद्य म्हणवतो, धन्याची सेवा करतो आणि शरीर कसे आहे हेच आपल्याला माहीत नाही, याची त्यांना लाज वाटली होती. दुसऱ्याच दिवशी ते एदोतील र्योताकुच्या घरी जमले.

तयारी काय होती? र्योताकुला काही शे डच शब्द येत होते. गेनपाकुला डच वर्णमालाही येत नव्हती. शब्दकोश म्हणावा असा ग्रंथ नव्हता, व्याकरण नव्हते, दुभाषे हजार किलोमीटरच्या आसपास दूर नागासाकीत. त्यांनी सुरुवात शरीराच्या बाह्य भागांपासून केली, कारण ते निदान ओळखीचे होते. ‘भुवई म्हणजे डोळ्यावर उगवलेले केस’ एवढ्या साध्या वाक्यापाशी वसंतातला एक अख्खा दिवस गेला आणि तरी ते सुटले नाही.

नाकाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. नाकाच्या वर्णनात एक शब्द अडला. दुसऱ्या एका लहान पुस्तिकेत त्याच शब्दाचे दोन उपयोग सापडले. झाडाची फांदी तोडली की तेथे हा प्रकार होतो. अंगण झाडून कचरा गोळा केला की तेथेही हाच प्रकार होतो. फांदी तोडलेल्या जागी काय होते? जखम भरून उंचवटा येतो. कचरा गोळा केला की? ढीग होतो. मग नाक म्हणजे चेहऱ्यावरचा उंचवटा! त्या दिवशीचा आनंद गेनपाकुला चाळीस वर्षांनंतरही आठवत होता. येथे एक टीप जोडली पाहिजे. मूळ डच पुस्तकात नाकाच्या वर्णनात हा शब्दच नाही, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हाताऱ्या गेनपाकुची आठवण घसरली असावी. पण रीत मात्र हीच होती: अज्ञात शब्द दोन ज्ञात परिस्थितींत ठेवून पाहायचा आणि दोन्हींत बसेल असा अर्थ शोधायचा. दोन समीकरणांतून एक अज्ञात राशी काढण्यासारखेच हे आहे.

काही केल्या न सुटणाऱ्या शब्दापुढे ते वर्तुळ काढून त्यात फुली मारून ठेवत आणि पुढे जात. सुरुवातीला पानेच्या पाने फुल्यांनी भरली. महिन्यातून सहा-सात बैठका होत. वर्षभराने दिवसाला दहा-दहा ओळी उलगडू लागल्या. अकरा वेळा मसुदा नव्याने लिहून १७७४ मध्ये ‘काइताइ शिन्शो’, म्हणजे ‘शरीरविच्छेदनाचे नवे पुस्तक’, प्रसिद्ध झाले. मजकुराचे चार खंड आणि चित्रांचा एक. चित्रे ओदानो नाओताके या चित्रकाराने काढली.

भाषांतरकारांत ज्याला सर्वांत जास्त डच येत होते त्या र्योताकुचे नाव पुस्तकावर नाही. भाषांतरात अजून उणिवा आहेत, ते इतक्यात छापू नये, असे त्याचे मत होते, असे म्हणतात. गेनपाकुला घाई होती. आपली प्रकृती तोळामासा, हे काम डोळ्यांदेखत पुरे व्हावे, असे त्याला वाटे. (प्रत्यक्षात तो १८१७ पर्यंत जगला.) कोण बरोबर? पुस्तकात चुका होत्याच. गेनपाकुचा शिष्य ओत्सुकी गेन्ताकु याने पुढे त्याची सुधारित आवृत्ती तयार केली. ती १८२६ मध्ये छापली गेली. पण सुधारायला आधी काहीतरी छापलेले असावे लागते, हेही खरे.

शब्द कसे घडले?

भाषांतरकारांनी आपली पद्धत पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितली आहे. ती तीन प्रकारची होती. ज्या अवयवाला आपल्याकडे शब्द आहे, तेथे तोच वापरायचा. शब्द नाही पण अर्थ कळतो, तेथे अर्थावरून नवा घडवायचा. दोन्ही जमत नाही, तेथे डच उच्चार जसाच्या तसा लिहायचा. मराठी विज्ञान शिक्षकाला हे ओळखीचे वाटेल. हृदय, यकृत हे शब्द आपल्याकडे आधीपासून होते. गुरुत्वाकर्षण, प्रकाशसंश्लेषण हे आपण घडवले. इलेक्ट्रॉन आपण तसाच ठेवला.

दुसऱ्या प्रकारचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘शिन्केइ’. मेंदूपासून निघणाऱ्या ज्या तंतूंना आपण चेता किंवा मज्जातंतू म्हणतो, त्यांची कल्पनाच चिनी वैद्यकात नव्हती. चैतन्य सुचवणारे एक अक्षर आणि वाहिनी सुचवणारे दुसरे अक्षर जोडून हा शब्द तयार केला गेला. तो आजही जपानमध्ये रूढ आहे आणि पुढे चीनमध्येही गेला. कूर्चेसाठी ‘मऊ हाड’ असा अर्थ असलेला ‘नान्कोत्सु’ हा शब्दही याच पुस्तकातला. ‘ग्रंथी’ मात्र त्यांना जमली नाही. तेथे डच शब्दाचा उच्चारच लिहिला गेला. तीसेक वर्षांनी उदागावा गेन्शिन याने त्यासाठी एक नवे अक्षरच तयार केले.

ही वाट पुढे रुंद होत गेली. ‘साकोकु’ शब्दाचा जनक शिझुकी तादाओ याने न्यूटनचे यांत्रिकी समजावणारा एक ग्रंथ १८०२ पर्यंत जपानीत आणला. गुरुत्व, केंद्रोत्सारी बल यांसाठीचे आजचे जपानी शब्द त्याचेच. उदागावा योआन याने १८३७ पासून रसायनशास्त्राचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि हायड्रोजनसाठी ‘जलमूल’, ऑक्सिजनसाठी ‘आम्लमूल’ अशा अर्थाचे शब्द दिले. यातला दुसरा शब्द वर्गात सांगण्याजोगा आहे. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी लाव्हाझिएची समजूत होती आणि त्याने ऑक्सिजनला नाव दिले ते त्यावरून. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे पुढे डेव्हीने दाखवले. नाव मात्र राहिले. फ्रेंचमधून डचमध्ये आणि डचमधून जपानीत ती चूक शब्दाच्या पोटात बसून गेली आणि आजही तेथेच आहे.

किंमत

हा प्रवास सुखाचा नव्हता. देजिमावर १८२३ मध्ये आलेल्या फॉन सीबोल्ड या जर्मन वैद्याने नागासाकीजवळ शिष्यांना शिकवायला सुरुवात केली. १८२८ मध्ये त्याच्याजवळ जपानचे नकाशे सापडले. ते त्याला युरोपीय पुस्तकाच्या बदल्यात देणारा शोगुनचा खगोलज्ञ ताकाहाशी कागेयासु १८२९ मध्ये तुरुंगात मरण पावला आणि सीबोल्डला देशाबाहेर घालवण्यात आले. १८३९ मध्ये परकीय जहाजांविषयीच्या सरकारी धोरणावर टीका केल्याबद्दल वातानाबे काझान आणि सीबोल्डचा शिष्य ताकानो चोएइ यांना शिक्षा झाल्या. काझानने १८४१ मध्ये आत्महत्या केली. चोएइ तुरुंगातून निसटला, पण १८५० मध्ये त्याचाही अंत झाला. विज्ञान चालेल, पण त्याच्याबरोबर येणारा प्रश्न विचारण्याचा स्वभाव चालणार नाही, ही राज्यकर्त्यांची भूमिका होती.

तरीही १८३८ मध्ये ओसाका येथे ओगाता कोआन या वैद्याने सुरू केलेल्या शाळेत देशभरातून विद्यार्थी येत राहिले. मोठा डच-जपानी शब्दकोश एकच. तो ठेवलेल्या खोलीत विद्यार्थ्यांची रात्रंदिवस रीघ लागे. डच पुस्तकाचा उतारा हाताने नकलून घ्यायचा, स्वतःच उलगडायचा आणि मग बैठकीत सर्वांसमोर त्याचा अर्थ सांगायचा. उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहिले तर साऱ्या देशात हेच चालले होते. क्युशुमधील सागा संस्थानात १८५० च्या सुमारास तोफा ओतण्यासाठी परावर्तनी भट्टी बांधली गेली. ज्वाळेची उष्णता छतावरून परावर्तित होऊन लोखंड वितळवणारी अशी भट्टी बांधणाऱ्यांपैकी कोणी पूर्वी पाहिली नव्हती. हाताशी होते एक डच पुस्तक. पेरी आला तो या घडामोडींनंतर.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. १८५८ मध्ये जपानला पाच पाश्चात्त्य राष्ट्रांशी विषम करार करावे लागले. परकीयांवर जपानी न्यायालयांचा अधिकार नाही आणि आयातकर ठरवण्याचे स्वातंत्र्यही नाही. ओसाकाच्या त्या शाळेचा विद्यार्थी फुकुझावा युकिची १८५९ मध्ये योकोहामाला गेला, तर दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात. डच भाषेचा काळ संपला होता. जगाचा व्यवहार इंग्रजीत चालला होता. तो निराश झाला आणि लगेच इंग्रजीच्या मागे लागला. एक परकी भाषा शब्दागणिक झुंजून शिकलेल्याला दुसरी जड गेली नाही. गेनपाकुच्या आठवणींचे हस्तलिखित १८६९ मध्ये प्रथम छापले गेले, ते याच फुकुझावाच्या पुढाकाराने.

या गोष्टीला एक काळी बाजूही आहे आणि ती लपवणे शिक्षकाला शोभणार नाही. पेरीने तोफांच्या धाकाने जपानकडून जे करवून घेतले, तेच जपानने १८७६ मध्ये कोरियाकडून करवून घेतले. शिकलेली यंत्रविद्या शेजाऱ्यांना जिंकायला वापरली गेली आणि तिचा शेवट १९४५ मध्ये झाला. ९ ऑगस्टला अणुबाँब पडला तो नागासाकीवर, ज्या बंदरातून विज्ञान जपानमध्ये शिरले त्याच बंदरावर. पुस्तक शरीराशी ताडून पाहण्याची सवय लागली, म्हणजे सत्ताधाऱ्यांचे म्हणणे वस्तुस्थितीशी ताडून पाहण्याची सवय आपोआप लागत नाही. काझान आणि चोएइ यांचे काय झाले, हे आठवले की त्याचे कारण थोडे कळते.

वर्गासाठी

अस्पृश्यतेची पदवी जपानी सरकारने १८७१ च्या हुकुमाने कागदावर रद्द केली. त्या समाजाच्या वंशजांना विवाहात आणि नोकरीत भेदभाव सोसावा लागला तो त्यानंतरही कितीतरी काळ. कोझुकाप्पाराची जागा आता टोकियो शहरात आहे. तेथील देवळात त्या दिवसाचे स्मारक आहे.

ही गोष्ट वर्गात सांगायची झाली, तर आम्ही दोन गोष्टी सुचवू. एक, विज्ञानाच्या पुस्तकातला एखादा नवा उतारा मुलांना द्यावा आणि न समजलेल्या प्रत्येक शब्दापुढे वर्तुळात फुली मारायला सांगावे. फुल्यांना गुण कापू नयेत. आठवड्याने तोच उतारा पुन्हा काढावा आणि कोणत्या फुल्या पुसल्या गेल्या, कशामुळे पुसल्या गेल्या, हे मुलांनाच सांगू द्यावे. दोन, पान, फूल, कोंबडीचे हाड, जे हाताशी असेल ते, आकृतीशी ताडून पाहायला द्यावे आणि न जुळणारी एक तरी गोष्ट शोधायला सांगावी. हाड आणायला खाटकाकडे जावे लागेल. गेलेल्या मुलांनी त्याला दोन प्रश्न विचारून यावेत. त्याने कितीतरी कोंबड्या उघडलेल्या असतात, आणि बहुधा त्याला आजवर कोणी काही विचारलेले नसते.